सोमजाईचे दोन झरोके

मी जातीनं गुरव, धंद्यानं गुरव आणि स्वभावानं तिरसट. पहिल्या दोन गोष्टी वडिलांनी दिल्या, तिसरी कोंडाजीबुवानं. छप्पन्न सालच्या फाल्गुनात हा माणूस रोज माझ्या देवळात येऊन बसू लागला नसता, तर आजही मला सगळे गोड माणूस म्हणून ओळखत असते असं माझं मत आहे. माझ्या बायकोचं मत वेगळं आहे.

आमची वाडी उमरठच्या वरच्या अंगाला. वाडीची देवी सोमजाई. काळ्याभोर पाषाणाची, उत्तरेकडे तोंड करून उभी. कुणाचं लग्न ठरवायचं असो, बैल घ्यायचा असो की मुंबईला गिरणीत जायचं असो, आधी सोमजाईला कळे लावायचे. म्हणजे फुलाच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघत बसायचं. देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. कळ्या चिकटवायचं काम गुरवाचं. लोक देवीला विचारतात, देवी लोकांना सांगते, आणि मध्ये मी म्हणजे फक्त दोन ओली बोटं. तुला काय वाटतं पांडू, असं मला कधी कुणी विचारलं नाही.

कोंडाजी हा आमच्या नाचाचा बुवा. वयानं माझ्याहून मोठा, तोंडावर मी त्याला अहोजाहोच करतो, पण राग आला की आठवणीत तो एकेरीतच येतो. आमच्याकडच्या नाचात पोरं पायात घुंगरं बांधून गोल फिरतात, मध्ये बुवा झांजा घेऊन बसतो आणि स्वतः रचलेली गाणी म्हणतो. त्याच्या शेजारी ढोलकीला मी. चैत्रात सोमजाईच्या जत्रेला दोन गावांचा सामना लागतो. समोरच्या बुवानं गाण्यातून सवाल टाकायचा, आपण गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि ज्याचा जवाब लोकांना पटेल त्याला मानाचा नारळ. लागोपाठ दोन वर्षं तो नारळ तुडीलच्या सयाजीबुवानं नेला होता. सयाजी अंगानं काटकुळा, पण त्याची जीभ सावित्री नदीतल्या माशासारखी सुळकन कुठूनही निसटायची.

दुसऱ्या हारीनंतर कोंडाजी वर्षभर कुणाशी धड बोलला नाही. मग फाल्गुनात एके दिवशी देवळात आला आणि म्हणाला, "पांडू, मला कळलं मी का हरतो ते."

"का?"

"मी माझ्या डोक्यानं गातो. देवीची जत्रा, देवीचं आंगन, आनि ओळी कुनाच्या, तर कोंडाजीच्या. तिला कसं रुचंल? औंदा ती हो म्हनंल तीच ओळ गाईन. एकेक ओळ तिला इचारीन. आनि तरीबी हरलो, तर झांजा हितं तिच्या पायाशी ठेवीन. परत उचलायचा नाय."

तो बोलतो ते करतो, हे वाडीतल्या लहान पोरालाही माहीत. मला काळजी पडली, ती त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. कोंडाजी गप्प बसला तर माझी ढोलकी कोण ऐकणार? वर्षातले तेवढेच दिवस मी दोन बोटांचा दहा बोटांचा होतो. पण मनात म्हटलं, चार दिवसांत कंटाळेल.

तो कंटाळला नाही. रोज दुपारी भाकरी खाऊन, ढेकर देत यायचा आणि नेमका मी आडवा झालो की हाक मारायचा. एक ओळ म्हणायचा, मी कळ्या लावायचो, मग दोघं गप्प बसायचो. देवीची डावी कळी पडायची. दुसरी ओळ. डावी. तिसरी ओळ. डावी. पंधरा दिवसांत बावीस ओळी पडल्या. कोंडाजी वाळला आणि माझी झोप गेली.

त्यातल्या दोन ओळी मात्र माझ्या मनातून जाईनात. त्याची बायको ठमाबाई झऱ्यावर पाणी भरताना त्याला दिसली होती, तिथून त्याला त्या सुचल्या.

भरली कळशी उचलताना बाय खाली वाकली,
पान्यामंदी बघते तर सोमजाय हासली.

मी ऐकलं आणि माझी बोटं आपोआप मांडीवर वाजायला लागली. म्हटलं, "बुवा, ही ओळ झाली."

कोंडाजीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू देवळातली समई बोलली. "तुला कोन इचारतंय?" तो म्हणाला. "कळी लाव."

मी कळी लावली. डावी पडली. त्यानं देवीला हात जोडले, "बरं गो आय," म्हणाला आणि त्या दोन ओळी कायमच्या टाकून दिल्या.

आता जे मी सांगणार आहे ते वडिलांनी मला मरताना सांगितलं होतं, आणि कुणाला सांगू नकोस असंही सांगितलं होतं. आमच्या देवळाला दोन झरोके आहेत. देवीचं तोंड उत्तरेला, म्हणून तिचा उजवा हात पूर्वेला आणि डावा पश्चिमेला. सकाळचं ऊन पूर्वेच्या झरोक्यातून येतं ते थेट उजव्या खांद्यावर, दुपार कलली की पश्चिमेच्या झरोक्यातून डाव्या खांद्यावर. ज्या खांद्यावर ऊन, तिथलं पाणी आधी सुकतं, आणि सुकलेली कळी आधी पडते. वडील म्हणायचे, पोरीचं लग्न जुळवायला आलेत त्यांना सकाळी बोलव, दारू गाळायची परवानगी मागायला आलेत त्यांना दुपारनंतर. एवढ्यावर आमच्या घराण्यानं तीन पिढ्या गाव सुरळीत चालवलं. मला यात कधी पाप वाटलं नाही. पण गाण्याच्या ओळीला कुठला वार आणि कुठली वेळ सांगायची, हे वडिलांनी सांगितलं नव्हतं.

शेवटी झोपेपायी मी घात केला. म्हटलं, "बुवा, दुपारी देवी विश्रांती घेते. सकाळी या."

तो दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या आधी हजर. पहिली ओळ म्हटली. उजवी पडली. दुसरी म्हटली. उजवी. कोंडाजीच्या डोळ्यांना पाणी आलं. मलाही बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं तिसऱ्या ओळीपर्यंत टिकलं.

हे आदिमाये महामाये जगन्माये सोमजाये,
तुझे पाय मोठे पाय, बाकी सारे छोटे पाय.

उजवी पडली. आणि मग त्याला धरबंधच राहिला नाही. इतके दिवस एकेक ओळ घासूनपुसून आणणारा माणूस आता उठसूट काहीही आणू लागला, आणि देवी सगळ्याला हो म्हणू लागली. 'एष्टी आली पोलादपुरा, धुरळा उडे भराभरा, देवी तुझा महिमा खरा' ही ओळ पास झाली. 'ब्रह्मांडाची मोट बांधली, मोटेला नाय दोरी, सोमजाय माझी गोरी गोरी' ही तर देवीनं क्षणात पास केली, तीही डांबरासारखी काळी असून. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं काही लाज दाखवली नाही.

जत्रेला आठ दिवस राहिले तेव्हा चाळीस ओळींचं गाणं तयार झालं आणि तालीम सुरू झाली. मागे झील धरायला, म्हणजे ओळी मागून उचलायला, कोंडाजीचा पुतण्या येसाजी मुंबईहून रजा काढून आला होता. त्यानं गाणं ऐकलं, विडी विझवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुरवकाका, ये गाना पब्लिकला नाय चालनेका. हूट करतील." पण चुलत्याला सांगायची त्याची छाती नव्हती. देवीनं पास केलेल्या गाण्याला नाव कोण ठेवणार?

त्याच दिवशी दुपारी ठमाबाई देवळात आली. पदर खोचलेला, तोंड लाल.

"भावजी, कळे लावा."

"काय विचारायचं, वयनी?"

"माझा नवरा शुद्धीवर हाय का, ते इचारा."

दुपार कलली होती. डावी पडली.

"बगा," ठमाबाई म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली. जरा वेळानं तिचा आवाज उतरला. "भावजी, त्या कळशीच्या गान्यातली बाय मी हाय. लगीन होऊन तीस वर्सं झाली. या मानसानं बैलावर गानी केली, एष्टीवर केली, माज्यावर एकच केलं, ते बी तुमच्या देवीनं पाडलं. मी तिचं काय वाकडं केलं?"

 देवीनं नव्हे, तुमच्या नवऱ्याच्या जेवणाच्या वेळेनं पाडलं, असं कसं सांगू? ती गेल्यावर मी बराच वेळ पश्चिमेच्या झरोक्याकडे बघत बसलो. पहिल्यांदाच मला वडिलांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की खरं सांगून टाकायचं. मग गाव मला देवळातून हाकलो, चालेल. सकाळी कोंडाजी आला तेव्हा मी त्याला हाताला धरून गाभाऱ्यात नेलं आणि सगळं दाखवलं. हा पूर्वेचा झरोका, हे ऊन, हा खांदा. दुपारी तो झरोका, तो खांदा. म्हटलं, "बुवा, तुमच्या चांगल्या ओळी दुपारी आल्या म्हणून पडल्या, आणि या भिकार ओळी सकाळी आल्या म्हणून तरल्या. यात देवीचं काही नाही. सगळं उन्हाचं आहे."

मला वाटलं, हा आता खाली बसेल, नाहीतर मला तरी खाली पाडेल. कोंडाजीनं झरोक्यातून डोकावून सूर्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पांडू, ऊन कुनाचं?"

"सूर्याचं."

"आनि सूर्य कुनाचा?"

 तीन पिढ्यांचं गुपित फोडायला मी रात्रभर धीर गोळा केला होता, आणि त्यानं ते शेंगेच्या टरफलासारखं बाजूला टाकलं.

"तिनं सांगाया ऊन वापरलं काय नि वारा वापरला काय, आपल्याला काय करायचंय?" तो म्हणाला. "तू आपली कळी लाव."

"मग निदान त्या कळशीच्या ओळी एकदा सकाळी विचारा," मी जवळजवळ हात जोडले.

"एकदा नाय म्हनली ते परत इचारायचं नाय. ती काय मामलेदार कचेरी हाय, पुन्ना अर्ज कराया?" त्याचा आवाज मात्र बारीक झाला होता. त्या ओळी त्यालाही आवडत होत्या, हे मला तेव्हा कळलं. आवडत होत्या म्हणूनच तो त्यांचं नावही घेत नव्हता. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी दया आली की त्या दिवशी मी कळी दोनदा पाण्यात पाडली.

जत्रेच्या दिवशी दुपारी पालखी देवळासमोरच्या चौथऱ्यावर, आम्ही त्याला सहाण म्हणतो, आणून ठेवली. पालखीत देवीचा पितळी मुखवटा. त्याच्या दोन्ही बाजूंना चाफ्याचं एकेक फूल मी सकाळीच खोचलं होतं, कोरडं, शोभेसाठी. समोर मांडव, एका बाजूला तुडीलची मंडळी, एका बाजूला आम्ही. सावलीला सगळी वाडी, खालची उमरठची माणसं आणि पोलादपूर, महाडकडून आलेले हौशी. बायका पालखीपाशी ओटी भरायला उभ्या होत्या, त्यात हातात नारळ-खण घेऊन ठमाबाई.

सयाजीनं गण म्हटला, मग हसत हसत सवाल टाकला. सवाल साधाच होता आणि म्हणूनच वाईट होता. सांग बुवा, तुझी देवी राहते कुठं? डोंगरात म्हणशील तर डोंगर फोडून दाखव, देवळात म्हणशील तर पालखीत बसलीय ती कोण, आभाळात म्हणशील तर शिडी आण. तिन्ही वाटा अडवून तो खाली बसला.

मला जवाब ठाऊक होता. येसाजीनंही कळशीच्या ओळी चुलतीकडून ऐकल्या असाव्यात, कारण त्यानं माझ्याकडे बघितलं. कोंडाजीनं झांजा उचलल्या आणि आदिमायेपासून सुरुवात केली.

मोठे पाय छोटे पाय म्हटले तेव्हा लोक गप्प राहिले. एस.टी.चा धुरळा उडाला तेव्हा मागची पोरं हॉर्न वाजवू लागली. आणि सोमजाय माझी गोरी गोरी म्हटल्यावर आख्खा मांडव हसला. सयाजी उठून नम्रपणे म्हणाला, "बुवा, माजी सासरवाडी हितलीच. देवी मी बघितलीय. गोरी कंदी झाली?"

कोंडाजी थांबला. झांजा हातातच राहिल्या. मी ढोलकी चालू ठेवली, कारण ती थांबली असती तर सगळंच संपलं असतं. हातानं ठेका धरत मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्या तोंडावर हरण्याची भीती नव्हती. तिथं दुसरंच काही होतं. तू हो म्हणालीस म्हणून मी गायलो, मग मला एकटं का टाकलंस, असं ते तोंड विचारत होतं. इतकं उघडं तोंड मी माणसाचं पुन्हा पाहिलं नाही. तो पालखीकडे वळला आणि नुसता बघत राहिला. काही विचारलं नाही.

पालखीतलं फूल पडलं.

देवीच्या उजव्या बाजूचं. चाफ्याचं, कोरडं. मुखवट्यावरून घरंगळत सहाणेच्या दगडावर येऊन थांबलं. मांडवाच्या सावलीत होतं ते. उन्हाचा कवडसाही तिथं नव्हता, आणि माझी दहाच्या दहा बोटं ढोलकीवर होती. मी गुरव म्हणून हजारो कळ्या पाडल्या, पण ही माझी नव्हती. माझा ठेका चुकला.

कोंडाजीनं डोळे मिटले. आणि हळूच, जणू झऱ्यावरच बसलाय असा, म्हणायला लागला.

कुनी म्हनं डोंगरावर, कुनी म्हनं राउळात,
मला तर ती घावली माज्या भाताच्या कोंबात.
भरली कळशी उचलताना बाय खाली वाकली,
पान्यामंदी बघते तर सोमजाय हासली.

 मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी ती ओळ उचलली, मग सगळ्यांनीच. रोज पाण्यावर वाकणाऱ्या बायका त्या, त्यांना जवाब समजावून सांगावा लागला नाही. पोरांच्या पायातली घुंगरं आपोआप वाजू लागली. गाणं तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा संपलं तेव्हा सयाजी स्वतः नारळ उचलून घेऊन आला आणि कोंडाजीच्या पुढ्यात ठेवला. "बुवा," तो म्हणाला, "असं घरात असताना ते गोरी गोरी कशाला?"

"देवीची मर्जी," कोंडाजी म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच, "पांडू, मी इचारलं नव्हतं हां. तिनं आपनहून कौल दिला."

मंडळी पांगल्यावर मी पालखी आवरायला गेलो. ठमाबाई अजून तिथंच उभी होती, एक हात पालखीच्या दांड्यावर. तिचे डोळे ओले होते आणि तोंडावर हसू होतं. मला तो हात दिसला, आणि तो सामना चालू असताना कुठं होता याचा विचार करताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"वयनी," मी म्हटलं, "पालखी तुमी हलवलीत?"

तिनं दांड्यावरचा हात काढला, पदरानं पुसला.

"हात माजा व्हता," ती म्हणाली. "हलवला कोनी, ते तिला इचारा."

आणि कळशी डोईवर घेतल्यासारखी ताठ चालत घरी गेली. हे मी कोंडाजीला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यानं विचारलं असतं, हात कुणाचा.

पाच-सहा दिवसांनी मी दुपारी आडवा झालो होतो, तेव्हा देवळात चाहूल लागली. कोंडाजी. मी चडफडत उठलो, पाण्याची वाटी घेतली, कळ्या घेतल्या.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "इचारायला नाय आलो. ऐकवाया आलोय."

"म्हणजे?"

"पांडू, नांगराचा बैल पावलागनीक मागं वळून बघाया लागला, पाऊल टाकू का, टाकू का, तर नांगरट हुईल? मी तसा बैल झाल्तो. तिनंबी कंटाळून हो हो म्हटलं असंल." तो देवीसमोर मांडी घालून बसला. "आता रचायचं आपन, पयलं ऐकवायचं तिला. तिला लाज वाटंल असं रचायचं नाय. बास."

त्यानं नवी ओळ म्हटली. चंद्रावर काहीतरी होती. चंद्र देवीच्या कपाळाला टिकली लावायला येतो आणि वाटेत पोलादपूरच्या बाजारात थांबतो, असं काहीसं. म्हणून झाल्यावर तो जरा वेळ देवीकडे बघत राहिला. मग मान वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"पांडू," तो म्हणाला, "तुला कशी वाटली?"

वीस वर्षं मी त्या देवळात होतो. पाण्याची वाटी अजून माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली. डाव्या खांद्यावर ऊन आलं होतं, पण तिथं कळी नव्हती. मी नीट विचार केला. ओळ मनातल्या मनात एकदा म्हणून बघितली, ठेका धरून बघितला. मग कोंडाजीबुवाच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"डावी."

तो मोठ्यानं हसला. "बरं," म्हणाला, "मग ही ऐक."